अरुणच्या प्रार्थनेतून गळलेलं वाक्य

एस्तेरबाई आढाव प्रार्थनेत डोळे मिटायच्या, कान मात्र उघडे ठेवायच्या. ही सवय राहुरीपासूनची. रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, असा त्यांच्याकडे नेम होता. माणूस बायकोशी खोटं बोलेल, आईशी बोलेल. देवासमोर मात्र फार तर वाक्य गाळेल, असं बाईंचं मत होतं. मिशनच्या शाळेत मास्तर असलेला त्यांचा नवरा थोरल्या मुलाच्या आजारात रोज त्याच्यासाठी मागायचा. एका रात्री मागायचा थांबला. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं बाईंना कोणी वेगळं सांगावं लागलं नाही. मुलगा गेला, पुढे मास्तरही गेले. बाईंनी त्याच शाळेत मुलींना शिवण शिकवलं, धाकट्या अरुणला वाढवलं, एक उपासना चुकवली नाही. देवावर त्यांचा विश्वास होता. माणसांचं त्या तपासून घ्यायच्या.

म्हातारपणी अरुणनं त्यांना दुबईला आणलं. मिशनची खोली सोडावी लागली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कारखान्यांच्या पलीकडे त्याचा फ्लॅट होता. सून शोभना शाळेत शिकवायची, नात शुभ्रा इंग्रजीत प्रार्थना करायची. उपासना रविवारऐवजी शुक्रवारी, हे पचायला बाईंना बरेच महिने लागले.

मग मंदी आली. समोरची अर्धवट इमारत तशीच राहिली, तिच्यावरची क्रेन हलेनाशी झाली. लिफ्टमधून कोणाची ना कोणाची गादी खाली जायची. कोण गेलं ते दापोलीकडच्या शेजारीण हव्वाबी येऊन सांगायच्या. प्रत्येक घरातून आधी म्हातारी माणसं गावी धाडली जात होती.

अरुण खिडक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. "कामाच्या ठिकाणी माझा सांभाळ कर, साहेबांना चांगली बुद्धी दे," हे त्याचं रोजचं वाक्य. एका रात्री तो आजाऱ्यांवरून थेट शुभ्राच्या परीक्षेवर गेला. दुसऱ्या रात्रीही तसंच. बाईंनी सकाळी दाराजवळचे त्याचे बूट उचलून पाहिले. कारखान्याची पांढरी भुकटी नव्हती, तळव्यांना वाळू होती. तरी तो रोजच्या वेळेला डबा घेऊन निघत होता.

त्यांनी शोभनाला विचारलं. रिसेशन आहे, सगळेच टेन्शनमध्ये आहेत, म्हणत तिनं मिक्सर सुरू केला. हव्वाबींना विचारलं तर त्या चहाचं कौतुक करू लागल्या. बाई नुसत्या बघत राहिल्या, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "आमच्या खैरुद्दीननं त्याला भर दुपारी बागेत बाकावर बसलेला बघितलान. तो कारखानाच खलास झालाय, बाय."

नोकरी गेल्याचं बाईंना भय नव्हतं. असे दिवस त्यांनी पाहिले होते. पण त्यांचा व्हिसा अरुणच्या व्हिशावर होता, त्याचा नोकरीवर, आणि राहुरीत आता त्यांचं म्हणावं असं एकच दार उरलं होतं, मिशनच्या वृद्धाश्रमाचं. पोरगा आपल्याला तिथं ठेवणार की काय, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

त्या रात्री अरुणची प्रार्थना संपत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेबांसाठी मागायचं राहिलं."

"राहू दे, आई."

"का? साहेब देवाघरी गेले?"

शुभ्राला हसू आवरेना. "आजी, ही लॉस्ट हिज जॉब," ती डोळे मिटूनच म्हणाली.

अरुणनं डोळे उघडले. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू शुक्रवारी उपासनेत उभी राहून प्रार्थनेची विनंती केली असतीस. सगळ्या मंडळीला कळलं असतं."

हे खरं होतं. पाळकांच्या पत्नीची साखर वाढल्याचं अशाच एका विनंतीतून शारजापर्यंत पोचलं होतं. पण एवढंच असतं तर त्याचा आवाज असा कोरडा पडला नसता.

"अजून काय गाळलंस?"

तो जमिनीकडे बघत सांगू लागला. इथून लांब रुवैसला रिफायनरीत काम मिळतंय, पण राहायला एकट्यापुरती जागा. शोभना आणि शुभ्रा शाळेतल्या एका मॅडमबरोबर खोली घेतील. इथं येऊन तो थांबला.

"आणि मी?"

"थोडेच दिवस, आई," शोभना म्हणाली.

"तू थांब. अरुण, मला नको सांगू. देवाला सांग."

अरुणनं पुन्हा डोळे मिटले. "हे प्रभू, आईला आम्ही राहुरीला पाठवतोय. तिथल्या मंडळीत तिचा सांभाळ कर. येशूच्या नावानं मागतो."

शोभना आमेन म्हणाली. शुभ्राही म्हणाली.

एस्तेरबाईंनी डोळे उघडले नाहीत. "अजून संपली नाही," त्या म्हणाल्या. "राहुरीत कुठल्या दारात सोडणार, तेही त्याला सांग. मी ऐकतेय."