थेट विमान आठ दिवसांनी

बुधवार पेठेत विमानाची तिकिटं काढून देणारे एक गृहस्थ बसत. गिऱ्हाईक उठताना ‘येतो’ म्हणालं, की ते मान वर न करता ‘या’ म्हणायचे.

वडिलांना माझ्या बहिणीकडे लंडनला पाठवायचं होतं; तिकीट काढायला तेही सोबत आले होते. “थेट विमान आठ दिवसांनी आहे,” गृहस्थ म्हणाले. “अहो, या वयात त्यांना एकट्याला मध्ये विमान बदलायला लावताय?” तरी मी दुसऱ्या दिवशीचंच तिकीट घेतलं. उठताना वडील ‘येतो’ म्हणाले. गृहस्थांनी मान वर केली, पण ‘या’ म्हणाले नाहीत.

वडील मधल्या विमानतळावर खुर्चीत बसल्याबसल्याच गेले.

महिन्याभराने मी त्या गृहस्थांना विचारलं, “तुम्हाला आधीच कळलं होतं?”

“छे! मी तुमचा चेहरा पाहत होतो. त्यांना ‘या’ कुठल्या तोंडानं म्हणू?”

खरंय. मला वडील आणखी आठ दिवस घरात नको होते.