अविवाहित बाईचा रिपोर्ट

खिडकीमागच्या नर्सबाईंनी माझ्या मावशीचा रिपोर्ट वाचला आणि त्यांचं बोट फॉर्मवरच्या 'अविवाहित' या शब्दावर जाऊन थांबलं. रिपोर्टात एचपीव्ही निघाला होता, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू. त्यांनी चष्म्यावरून मावशीकडे पाहिलं. मग रांगेतल्या दोघींनीही पाहिलं.

मीच उसळले. म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्यात, तो बहुतेक वेळा शरीरसंबंधातून येतो, पण क्वचित हाताच्या, कातडीच्या स्पर्शानेही येऊ शकतो. कदाचित दुसऱ्याच्या टॉवेलमधूनही."

मावशी तीस वर्षं नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहिली. तिथे आठजणींचे टॉवेल एकाच तारेवर वाळायचे आणि घाईत जो हाताला लागेल तो घेतला जायचा. बोलता बोलता मी मनात त्या तारेवरचा एकेक टॉवेल तपासत होते.

आणि माझीच मला लाज वाटली. कावीळ झालेल्या माणसाकडे कोणी असं चष्म्यावरून पाहत नाही. मी मावशीची बाजू घेत नव्हते, तिच्या चारित्र्याचा दाखला खिडकीतून आत सरकवत होते. टॉवेलमधून आला तर बाई चांगली, आणि नाहीतर?

मावशीने मला हलकेच बाजूला केलं.

"तो कुठून आला हे मी तुम्हाला विचारलेलं नाही," ती नर्सबाईंना म्हणाली. "त्या शब्दावरचं बोट उचला आणि पुढची तपासणी कधी, ते सांगा."