खालून केबल कोणी ओढली?

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. कोळीवाड्यात वाढले, खाडीतल्या भुतांच्या गोष्टी ढिगाने ऐकल्या आणि सांगणाऱ्यांची तोंडावर टिंगल केली. तरी हे लिहितेय... कारण ती केबल माझ्याच हातात होती.

ठाण्याला खाडीलगत आमचं एक मजली घर आहे. बाबा मासेमारी करायचे. घर बांधताना त्यांनी वरच्या खोलीपासून खालच्या हॉलपर्यंत भिंतीतून एक जादा पाइप टाकून घेतलेला — पुढेमागे लागेल म्हणून. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी असते, मी ठाकुर्लीला.

या हिवाळ्यात आई जिन्यात पडली. सकाळी पडली, शेजारणीला कळलं दुपारी. मी म्हटलं, बस झालं, घराला कुलूप लाव आणि चल माझ्याकडे.

"मना नाय जमायचं गो तुझ्या ब्लॉकात," आई म्हणाली. "खाडी नाय, वारा नाय, बोलायला मानूस नाय."

दोन दिवस भांडलो, मग तह झाला. रविवारी कॅमेरेवाला येणार. कॅमेरे बसले तर आई तिथेच राहणार, नाहीतर संध्याकाळी बॅग घेऊन माझ्याबरोबर निघणार. मात्र भिंत फोडायची नाही, ही तिची अट. वायफायची रेंज वर पोचत नव्हती आणि बाहेरून काढलेली केबल खाऱ्या हवेत टिकत नाही. उरला बाबांचा पाइप.

कॅमेरेवाल्या नितीनने खालून स्प्रिंग घातली, म्हणजे केबल ओढायची लवचिक तार. ती वर आल्यावर तिला केबल बांधली. मी वरून सोडतेय, तो खालून ओढतोय... आणि मध्येच अडकलं. त्याने जोर लावला तर गाठ सुटून नुसती स्प्रिंग त्याच्या हातात आली.

"ताई, केबल पाइपाच्या बेंडला, वळणावर अडकलीय. आता भिंत फोडल्याशिवाय नाय होणार."

खरं सांगू? मला बरं वाटलं. जिंकले ना मी! आईने चहा टाकला आणि कप घेऊन नितीनबरोबर बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिचा चेहरा मी मुद्दामच पाहिला नाही.

केबल परत वर ओढून घ्यायला मी खोलीत गेले. हात लावला, तर खालून हलका हिसका बसला. वाटलं, नितीन पुन्हा बघतोय. मी केबल सोडली. ती सरसर आत जायला लागली. मग दोन हिसके... आणि माझे हात आपसूक थांबले.

होडीच्या इंजिनापुढे हाक ऐकू येत नाही, म्हणून बाबा दोरीनेच बोलायचे. एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे थांब. लहानपणी सुट्टीत दोरीच्या दुसऱ्या टोकाला मीच असायचे. नितीनला हे कुठून ठाऊक असणार, हा विचार तेव्हा डोक्यात आलाच नाही. मी सोडत होते, थांबत होते, आणि का कोण जाणे, रडत होते.

खाली आले. आई आणि नितीन अजून ओट्यावरच होते, अर्धा अर्धा चहा उरलेला. हॉलमध्ये पाइपातून केबल बाहेर आलेली, आणि जमिनीवर तिचं गोल वेटोळं, होडीत दोरी ठेवतात तसं.

नितीन म्हणाला, आत ताण होता, आपोआप सुटली असेल. वेटोळं मात्र त्याने दोनदा वाकून पाहिलं. आई खाली बसली, वेटोळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आला, आन न जेवताच गेला."

कॅमेरे चालू आहेत. आई घरीच आहे. मी संध्याकाळी एकटीच ठाकुर्लीला परतले.

घरातल्या प्रत्येक भांडणात बाबा माझी बाजू घ्यायचे, आई चिडायची त्यावरून. या एकाच भांडणात ते तिच्या बाजूने उभे राहिले.