यादीतून काढलेला पेपर

मेहकरच्या बसस्टँडसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मीच, म्हणून बी.एस्सी.चं सर्टिफिकेट काउंटरच्या वर फ्रेम करून लावलंय.

त्या डॉक्टर मॅडम एकदाच आल्या. माहेर इथलंच, आता लांबच्या मेडिकल कॉलेजात भूल देतात म्हणाल्या. प्रमोशनसाठी त्यांना आपल्या छापून आलेल्या संशोधनाची यादी टाइप करून हवी होती. कॅन्सरच्या ऑपरेशनला कोणती भूल दिली तर रोग पुन्हा उलटत नाही, असे सगळे विषय. आपल्या भागातल्या बाईचं एवढं काम पाहून माझीच छाती फुगली.

प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत त्या तपासत होत्या. सगळ्यात गाजलेला म्हणून त्यांनीच आधी सांगितलेल्या पेपरवर बोट थांबलं.

"हा काढ बाबू."

"काऊन मॅडम? याच्याशिवाय प्रमोशन भेटन का?"

"नाही भेटत. पण यातले अर्धे पेशंट आमच्या सरांनी घरी बसून कागदावरच तयार केले. मले माहीत होतं, तरी नाव लावलं. आता हा पेपर मागे घ्या म्हणून मासिकाले पत्र टाइप कर."

मी हादरलोच. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "चालते मॅडम. आम्हीबी प्रॅक्टिकलच्या जर्नलात सिनिअरचेच रीडिंग उतरवले. सारेच उतरवतात."

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि माझ्या फ्रेमकडे पाहिलं. "तुह्या रीडिंगवर कोणी पेशंटले भूल नाही देली ना बाबू?"

पत्रात एका जागी तारीख राहिली होती. एरवी मी अंदाजाने टाकून देतो. त्या दिवशी विचारली.