सोमवारचा बेल

बसम्मा गुरवीण तापट होती. तापट म्हणजे कशी, तर बुट्टीतली फुलं उगाच चिवडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातावर फटका मारायची आणि वर विचारायची, "देवाला फुलं घेतोस का वांगी निवडतोस रं?" नवरा तरुणपणीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. अक्कलकोटच्या रस्त्याला सोलापूरच्या हद्दीवर महादेवाचं लहानसं देऊळ होतं, तिथं तिचा दीर चन्नप्पा पूजा करायचा आणि बेलाफुलांचं सगळं ती बघायची. भांडायला कारण लागत नाही अशी बाई, असं लोक म्हणायचे. म्हणोत. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी तिला कारण होतं, आणि ते कारण तिच्याच लोकांनी तिच्या पदरात घातलं होतं.

देवळापासून हाकेच्या अंतरावर बेलाचं एक झाड होतं. बसम्माच्या आजेसासऱ्यानं लावलेलं. भक्तांनी बेल कुठूनही आणावा, पण सोमवारी पिंडीवर पहिलं पान पडायचं ते ह्याच झाडाचं, आणि ते तोडायचं रविवारी. सोमवारी बेलाला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महादेवाच्या वारी महादेवाचंच झाड दुखवायचं नाही, आदल्या दिवशी पानं तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. बसम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं हे एकाही रविवारी चुकवलं नव्हतं.

मग कापसाच्या एका कंपनीनं तो माळ घेतला, गोऱ्या मॅनेजरसाठी बंगला बांधला आणि भोवती भिंत घातली. झाड भिंतीच्या आत गेलं. देवळाच्या पंचांनी जाऊन विनवलं, तेव्हा साहेबानं दर रविवारी सकाळी गुरविणीला आत सोडायचं कबूल केलं. पंचांच्या वतीनं बोलायला सिद्धलिंगप्पा होता. तो कंपनीच्या हपिसात कारकून, इंग्रजी बोलणारा, देवळाचा थोरला पंच आणि बसम्माच्या नात्यातला. इथवर सगळं ठीक होतं.

घोडं पेंड खायला लागलं ते मडम आल्यावर. विलायतेत एका खेड्यात तिच्या बापाचं मोठं घर होतं म्हणे, आणि घराभोवती बाग. तशीच बाग तिला सोलापुरात हवी होती. नातेपुत्याकडचा जोतीराम माळी ठेवला, हाताखाली गडी दिले, परदेशातून बियाणं आलं, मुरमावर बाहेरची माती पसरली. कार्तिकात बाग दिसायला लागली तशी रविवारी गोरी पाहुणेमंडळी ती बघायला यायला लागली. त्यांच्यामधून डोईवर बुट्टी घेतलेली बाई जाते, हे मडमला बरं दिसेना. पण बाई मनानं वाईट नव्हती. तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं की ह्यांच्या देवाचा वार सोमवार. तिनं सिद्धलिंगप्पाला बोलावून सांगितलं की त्या बाईनं रविवारऐवजी सोमवारी यावं, तिच्या देवाच्या दिवशी, दिवसभर बसली तरी हरकत नाही.

आणि सिद्धलिंगप्पा 'थँक्यू मॅडम' म्हणून आला.

पंच जमले. पाचांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं असं नाही. सगळे मूग गिळून बसले. "मडमनं आपणहून सोमवार दिला," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "दिलेलं नको म्हणायचं म्हणजे तिच्या तोंडावर फेकल्यासारखं होतं. मी सांगेन सावकाश, वेळ बघून."

"कवा बगनार वेळ?" बसम्मा खांबाआडून बाहेरच आली. "सोमवारी बेल तोडत न्हाईत, येवडंच सांगायचं हाय की! त्याला काय पंचांग लागतं व्हय?"

"तुला हपिसातलं काही कळत नाही, बसम्मा."

"मला देवळातलं कळतंय. तुमाला दोनीकडचं कळतंय म्हनं, मग जीब का लुळी पडली?"

चन्नप्पानं तिला गप्प केलं. घरी जाऊन म्हणाला, "वैनी, सोमवारीच तोड गुपचूप. फडक्यात बांदून आन. कोन बगतंय?" तिनं हातातलं पितळी ताट असं आपटलं की त्याचा काठ वाकला. देवाला फसवायचं आणि साहेबाला नाही, हा कुठला न्याय, असं ती विचारत राहिली आणि दीर न जेवता उठून गेला.

न जाऊनही चालणार नव्हतं. वहिवाट मोडली की हक्क गेला, हे ती सासऱ्याकडून ऐकत आली होती. आज गेली नाही तर उद्या फाटकावरचा माणूस ओळख दाखवणार नाही. म्हणून ती दर सोमवारी गेली. रिकामी बुट्टी घेऊन आत शिरायची, बेलाखाली बसायची आणि एकाही पानाला हात न लावता परत यायची. देवाला शेवटच्या रविवारी तोडलेले बेल धुऊन धुऊन वाहत होती. बेल शिळा होत नाही, असं शास्त्र आहे. पण शास्त्रालाही काही सीमा असते. पानं काळी पडली, चुरायला लागली, आणि त्यांच्याकडं बघितलं की तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

पौषात बागेला बहर होता. सोलापुरात त्या दिवसांत हवा कोरडी, गार, आणि मडमच्या मुलखातल्या उन्हाळ्याची फुलं इथं तेव्हा फुलतात, असं जोतीरामानं बसम्माला कौतुकानं सांगितलं. काठ्यांच्या कुडावर एक वेल चढवला होता, जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं, वास थेट फाटकापर्यंत.

"वाटाना हाय व्हय ह्यो?"

"वाटान्याच्याच जातीचा. पन शेंग खायची न्हाय. शेंग धरली की फूल कमी येतं, म्हनून दिसली की खुडायची."

"खायची न्हाय, धरू बी द्यायची न्हाय." बसम्मा फणकारली. "देवाला वाहत्यात?"

"न्हाय."

"डोस्क्यात माळत्यात?"

"टेबलावर ठिवत्यात."

"मग मेजच देव आसंल त्यांचा." जोतीराम हसला. ती हसली नाही. हसू येत होतं म्हणून तिला जास्तच राग आला.

मडम मधूनच यायची, तिला बेलाखाली बसलेली बघून लांबून हात हलवायची. ही बाई दर आठवड्याला आपली बाग बघायला येते, अशी तिची समजूत झाली होती. एकदा तिनं त्या वेलाच्या फुलांची जुडी करून बसम्माच्या बुट्टीत ठेवली आणि गोड हसली. सिद्धलिंगप्पा तिथंच उभा होता. बसम्मानं त्याच्याकडं बघितलं, त्यानं नजर चुकवली आणि मडमला काहीतरी सांगितलं. मडम आणखी खूश झाली. ती जुडी बसम्मानं घरी जाऊन गाईला घातली. गाईनं हुंगून सोडून दिली, तेवढंच त्या दिवशी तिला बरं वाटलं.

चैत्रात बेल नेहमीप्रमाणे निष्पर्ण झाला. बाग करपली, ते वाटाण्याचे वेल वाळून खडखडले, मडम महाबळेश्वराला गेली. हिरवळ मात्र जगवायचा हुकूम होता, तेव्हा मोट दिवसभर चालायची आणि गडी गवताला पाणी पाजायचे. वैशाखात बेलाला कोवळी तांबूस पालवी फुटली, मग फुलांचा वास सुटला. बसम्मा एका रविवारी फाटकावर जाऊन उभी राहिली. आतून जोतीराम आला.

"मडम न्हाय, साहेब न्हाय. सोड मला आत. येक ओंजळभर तोडते."

जोतीरामाचा चेहरा पडला. "आक्का, हुकूम सोमवारचा हाय. गडी चहाडी करत्यात. माजं पोट हाय हितं."

"आन् माजं काय हाय हितं?"

ती परत फिरली आणि तशीच सिद्धलिंगप्पाच्या घरी गेली. त्याची बायको शकुंतला पापड लाटत होती, तो सोप्यात पान जमवत होता. "सांगितलं का?" बसम्मानं उंबऱ्यातूनच विचारलं. "मडम थंड हवेच्या गावाला आहे," तो म्हणाला. "आल्या आल्या सांगतो." मडम ज्येष्ठात आली. आषाढात बंगल्यावर पाहुणे होते म्हणून राहिलं. आषाढ संपता संपता साहेबाचं पोट बिघडलं म्हणून राहिलं. ह्या माणसाच्या तोंडातून एक वाक्य निघायला साऱ्या गोऱ्या घराण्याची प्रकृती ठणठणीत असावी लागत होती!

श्रावणातला पहिला सोमवार उजाडला. देवळात ही गर्दी. पिंडीवर पहिलं पान कोणतं घालायचं म्हणून बसम्मा कोपऱ्यात काळ्या, विरलेल्या बेलातून त्यातल्या त्यात अखंड तीन दळं शोधत होती. तेवढ्यात बाहेर गलका झाला. बैलगाडी आली होती. गाडीत बेल, वरपर्यंत रचलेला, आणि गाडीपुढं नवा फेटा बांधून सिद्धलिंगप्पा.

"मडमनं देवाला बेल धाडला!" तो ओरडून सांगत होता. "गाडीभर! श्रावण सोमवार म्हणून!"

लोकांनी हर हर केलं. चन्नप्पा धावला. बसम्मा गाडीशी गेली तर बेलाच्या डहाळ्या नव्हत्या त्या, दंडाएवढ्या फांद्या होत्या. कुऱ्हाडीचे घाव पांढरे दिसत होते.

"कवा तोडला?" तिनं विचारलं.

गाडीमागं जोतीराम उभा होता. त्यानं मान खाली घातली. "आज, सकाळी. झाडाच्या सावलीत गवत येत न्हवतं म्हनून मडमनं झाड काडायला सांगितलं, आन् पाला देवाला द्यायचं बी तिनंच सुचिवलं. लई चांगल्या मनानं, आक्का. आज न्हाय, उद्या तोडतो म्हनलो मी सिद्दलिंगप्पास्नी. ते म्हनले, आजचा मुहूर्त चुकवू नगंस."

ती बंगल्याकडं पळत सुटली. फाटकावरच्यानं सोमवार म्हणून सोडली. हिरवळीच्या कडेला कमरेएवढा बुंधा उरला होता. आजेसासरा, सासरा, नवरा, सगळी माणसं तिला एकदम आठवली, आणि ती बुंध्याला धरून मोठ्यानं रडली. डोळे पुसले तेव्हा तिच्या मनात दुःख फार थोडं उरलं होतं.

देवळात परतली तर पिंड दिसत नव्हती इतका बेल चढला होता. सोमवारी तोडलेला. पाचही पंच हात जोडून उभे, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काही नाही. सिद्धलिंगप्पा तिला हळूच म्हणाला, "आता देवाला पोचलं ना? झालं तर मग."

ती आठवडाभर कुणाशीही एक शब्द बोलली नाही. बसम्मा गप्प आहे म्हटल्यावर चन्नप्पाला घरात बसवेना.

रविवारी दुपारी उघडीप होती. बंगल्यापुढं मोटारी, टांगे लागले होते, हिरवळीवर टेबलं मांडली होती, गोरी मंडळी चहा घेत होती. गुलाबांचा वाफा मडमचा जीव की प्राण, आणि त्या दिवशी तो लालभडक फुलला होता. पाहुण्यांची ने-आण करायला सिद्धलिंगप्पा काळा कोट घालून हजर होता. पाहुण्यांसाठी उघड्या ठेवलेल्या फाटकातून बसम्मा बुट्टी घेऊन सरळ आत आली आणि टेबलांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"अगं, आज नाही! आज रविवार!" सिद्धलिंगप्पा धावत आला.

"रविवार हाय म्हनूनच आले." तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. मडमकडं बघून ती मोठ्यानं म्हणाली, "सोमवारी बेल तोडत न्हाईत. वरीसभर तोडला न्हाय मी. तुमी माजं झाड सोमवारी तोडलं. सांगा, सिद्दलिंगप्पा. आत्ता. समद्यांच्या म्होरं."

सिद्धलिंगप्पा कोट सारखा करून मडमकडं वळला, इंग्रजीत दोन वाक्यं बोलला, आणि मडमचा चेहरा उजळला. तिनं छातीवर हात ठेवला, मान डोलवली, पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. एका म्हाताऱ्या साहेबानं तर टाळ्या वाजवल्या.

बसम्माला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण आपण जे बोललो ते ऐकून कुणी हसत नाही, एवढं तिला कळत होतं.

ती भांडली नाही. सिद्धलिंगप्पाकडं बघून थुंकलीसुद्धा नाही. आता आपण जे करणार त्यानं हे फाटक आपल्याला कायमचं बंद होणार, हे तिला ठाऊक होतं. पण झाडच राहिलं नव्हतं, वहिवाट कशाची सांभाळायची? ती गुलाबाच्या वाफ्याकडं गेली, बुट्टी खाली ठेवली आणि खुडायला लागली. घाई नाही. एक फूल, दुसरं फूल. कळ्यासुद्धा. देठाशी नख लावून, देवाची फुलं खुडतात तशी. काटे लागून बोटांतून रक्त आलं तरी हात थांबला नाही.

मडमचं हसू मावळलं. खुर्ची मागं पडली. "नो!" ती किंचाळत आली, "नो! नो!" तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

बसम्मानं शेवटचा गुलाब बुट्टीत ठेवला, उठली आणि मडमच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"हां," ती म्हणाली. "ह्येच म्हनत हुते मी, वरीसभर."