दहा हजार एक

नातीनं ओल्या पाटीवर खडू घासला आणि त्या वासासरशी मी नव्वदच्या दशकातल्या नेरूळच्या शाळेत पोचलो.

'दहा हजार एक ही मूळ संख्या आहे,' असं मी नववीला ठणकावून सांगितलं होतं. खरं तर शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं असतं. मी एकाहत्तरलाच कंटाळून थांबलो होतो.

शिरवणे गावातली वनिता उठली. "सर, त्र्याहत्तरनी भाग जातो. मी करून बगला हाय."

"बगला हाय?" मी तिची नक्कल केली. वर्ग हसला, ती खाली बसली.

घरी भागाकार केला, तर बाकी शून्य. तरी दुसऱ्या दिवशी वर्गात चूक न सुधारता मी पुढचा धडा काढला.

सहामाहीच्या पेपरात 'दहा हजार एक मूळ आहे का?' हा माझा प्रश्न आधीच छापून गेला होता. वनितानं उत्तर लिहिलं, 'मूळ आहे.' मी बरोबरची खूण केली आणि पूर्ण गुण दिले.