जमणी बाजू

आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच भाकरी कुटत होते. दवाखान्यातून शेजारच्या दुकानात फोन आला होता. दुकानदारीण धावत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "बेन, तमारा जेठ गया." मी म्हटलं, बरं. आणि बत्ता आणखी चार वेळा खलात हाणला. भाकरीचा भुगा झाला होता, दूध तापत होतं, डबा घेऊन मी निघणारच होते… नंतर बाया म्हणाल्या, सुमनला धक्का बसला. धक्का कसला डोंबलाचा! सात वर्षं रोज सकाळी हात जे करत होते तेच करत राहिले, एवढंच.

आप्पा माझे मोठे दीर. स्वतः लग्न केलं नाही; धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, खानदेशातून गुजरातेत आणून उधन्याच्या कापड कारखान्यात मागावर लावलं ते त्यांनीच. मी वऱ्हाडातली. नवागामच्या खोलीत आले तेव्हा मला ह्यांची अहिराणी अर्धीमुर्धी कळायची आणि गुजराती मुळीच नाही. आप्पांना ऐकू फार कमी यायचं. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत, ती माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. कारखान्याच्या पार त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी आप्पा आवाज न काढता गप्पा मारायचे. माझेही ओठ वाचायचे. "तू रागमा ऱ्हास तव्हय भलतं साफ बोलस," म्हणायचे आणि हसायचे. मला राग यायला वेळ लागत नाही, त्यामुळे आमचं बोलणं बरं चालायचं.

दात त्यांचे मागानंच खाल्ले. सुताची कांडी बदलली की मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावायचे आणि श्वासानं धागा बाहेर ओढायचा. दिवसभर तेच. पुढचे दात त्यातच किडून गेले. उजवीकडच्या दाढा एका दुपारी शेजारच्या मागावरून उडालेल्या धोट्यानं नेल्या; डावीकडे दोन-तीन हलत्या तेवढ्या उरल्या. मालकानं रिक्षा करून दिली आणि त्याबद्दल पुढे कितीदा तरी बोलून दाखवलं. आप्पांचा सगळा जीव कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, कडक भाकरीत आणि ठेच्यात. ती बंद झाली. वर्षभरात चेहराच बदलला. कानशिलं आत गेली, गाल लोंबले, चाळिशीचा माणूस म्हातारा दिसायला लागला.

तेव्हा रिंग रोडला एक तरुण डॉक्टर नवी विद्या शिकून आला होता. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात. स्वतःचा हात बसावा म्हणून पहिल्या काही जणांना फुकट करणार होता. ह्यांची कारखान्यात पाळी होती म्हणून आप्पांबरोबर मला पाठवलं. "सुमन आठवी शिकलेली आहे, सगळं ध्यानात ठेवील," हे म्हणाले, आणि मी फुगले.

डॉक्टर माणूस चांगला होता. त्यानं आप्पांच्या कानशिलावर बोटं ठेवली, दात आवळायला सांगितलं, मग माझीही बोटं तिथं ठेवायला लावली. बोटांखाली काहीच हललं नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, चावायचे स्नायू इथून खाली जबड्यापर्यंत येतात. काम नसलं की वाळतात, काम दिलं की पुन्हा जागे होतात. हे मला नीट कळलं. पुढच्या खेपेला त्यानं उजवीकडे स्क्रू घातले, वर तात्पुरते दात लावले, आणि घाईघाईत गुजरातीत सांगितलं, "चार महिना जमणी बाजूनुं खास ध्यान राखजो." त्याच्या तोंडावर फडकं, त्यामुळे आप्पांना ओठ दिसलेच नाहीत. ते माझ्याकडे बघायला लागले… जमण म्हणजे जेवण, एवढी गुजराती मला आली होती. गल्लीत बोलावणं यायचं ना जमणाचं. तेव्हा जमणी बाजू म्हणजे जेवायची बाजू. नवे दात जिकडे बसवले तीच, दुसरी कोणती? तिकडूनच खायचं, याचं ध्यान ठेवायचं. परत विचारावं असं वाटलं नाही. आठवी शिकलेली ना मी.

घरी येऊन चिठ्ठी लिहिली, "चार महिने उजवीकडूनच चावायचं. डॉक्टर," आणि चुलीवरच्या खिळ्याला अडकवली. हे तेव्हा दुहेरी पाळी करायचे, जेवण डब्यातच; घरी यायचे ते झोपायला. पंधरा दिवस पातळ घातलं, मग भाकरी. आप्पा कळवळायचे. दुखतं म्हणायचे. मी तोंड मोठं करून सांगायची, स्नायू जागे होतायत, दुखणारच. ते मान डोलवायचे आणि चावायचे. माझ्यावर भरवसा ठेवून चावायचे, हे मला आज लिहितानाही जिवावर येतं.

दीड महिन्यात स्क्रू हलायला लागले, पू झाला. डॉक्टरनं ते काढले, मी 'जमणी'चा काय अर्थ लावला ते ऐकलं, फडकं खाली केलं आणि माझ्यावर ओरडला, "जमणी मतलब राइट, बेन! उजवी! उधर से कुछ चबाने का ही नहीं था!" आप्पांनी या वेळी त्याचे ओठ पाहिले होते. मग माझ्याकडे पाहिलं. घरात शिरल्या शिरल्या भावाला म्हणाले, "मीच खादी भाकर. माले धीर निंघना नही."

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. नवी सून, सासर, भीती, वाटेल ते म्हणा. हाड झिजलं होतं, पुन्हा स्क्रू बसणार नव्हते. डावीकडच्या दाढाही पुढे पडल्या. कवळी केली, ती त्या सपाट हिरडीवर ठरेना, डबीत पडून राहिली. आणि घरात एक गंमत सुरू झाली. कोणी पाहुणा आला की हे सांगायचे, आमचा आप्पा एका भाकरीपायी सोन्यासारखे दात घालवून बसला, असला खादाड. लोक हसायचे. आप्पाही हसायचे, त्या बोळक्या तोंडानं. मी भाकरी वाढत राहायची.

ओठ आत गेल्यावर कारखान्यात त्यांचं बोलणं कोणाला वाचता येईना. आप्पा काहीतरी म्हणायचे, समोरचा नुसता हात हलवायचा. हळूहळू कोणी त्यांच्याकडे बघायचंही सोडलं. घरी येऊन कुटलेली भाकरी दुधात कालवून खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. या वर्षी ताप आला तो उतरलाच नाही. अंगात काही उरलंच नव्हतं. दातांपायी माणूस मरत नाही हे मलाही कळतं. पण सात वर्षं तो माणूस कसा जगला, ते मी पाहिलंय.

तेरावं झाल्यावर त्यांची ट्रंक आवरताना कवळीची डबी उघडली. कवळीखाली घडी घातलेली माझी चिठ्ठी. स्क्रू काढले त्या दिवशी ती खिळ्यावरून नाहीशी झाली होती, मला वाटलं वाऱ्यानं उडाली. भावाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी काढली असणार. मग फाडली का नाही? सात वर्षं मी त्याचाच विचार करत बसावं म्हणून ठेवली असती, तर मला दाखवली तरी असती… मला अजून कळत नाही.

मी ती परत चुलीवरच्या खिळ्याला अडकवली. संध्याकाळी हे जेवायला बसले, वर पाहिलं, वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी हळू विचारलं, "हे अक्षर तुझं ना?"

मी हो म्हटलं. ताटातली भाकरी तशीच ठेवून ते उठले. आता आमच्या घरी कोणी पाहुणा आला तरी ती गंमत कोणी सांगत नाही.